तळ्याकाठचं गाऱ्हाणं

गिझेला काकूचा फोन आला की मी तिच्याच आवाजात "हालोऽऽ, माझा बाळ!" म्हणायचो आणि ती हसत सुटायची. त्या सकाळी हसली नाही. "काका गेला," एवढंच म्हणाली. ऑपरेशननंतर विनूकाका शुद्धीवर आलेच नाहीत...

काका म्हणजे माझ्या बाबांचे कणकवलीतले वर्गमित्र. जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या केमिकल कारखान्यात आयुष्य गेलं, बायको जर्मन केली, पण चिडले की मालवणीच. मी तिथून जवळच वाल्डॉर्फला नोकरीला लागलो आणि रविवारचं जेवण त्यांच्याकडे ठरूनच गेलं. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी म्हणाले, "चल, ज्वालामुखी बघूया."

लाखर झे म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं तळं. भोवती दाट झाडी, पाण्यात बदकं, सगळं गोडगोड. काठाशी गेलो तर पाण्यातून बुडबुडे, चहाचं आधण ठेवल्यासारखे! हात घातला तर पाणी गार. माझी टरकलीच. "काका, हा मेलेला नाहीये?"

"गेनाऊ, बरोब्बर. झोपलाय. आणि वाकू नको, हा वायू जड असतो, खाली साचतो."

मी टुणकन मागे. एरवी काका खो खो हसले असते. पण ते काठीवर रेलून बुडबुड्यांकडेच बघत होते... "गाऱ्हाणं घाल रे," म्हणाले.

देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकराची नक्कल हा माझा खास आयटम. लावला खर्ज. "बा म्हाराजा, ही लेकरां तुझ्या दारात इली आसत!" काकांनी काठी आपटली, "व्हय म्हाराजा!" "तुझ्या पोटातला पोटातच ठेव रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" फिरायला आलेले जर्मन थांबून बघायला लागले.

"ऑपरेशनचं राहिलं," काका हळूच म्हणाले.

गावकराचा आवाज निघेचना. माझ्याच फाटक्या आवाजात म्हटलं, "काकांका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." काठी आपटली नाही.

गेल्या रविवारी काकूला तिथे घेऊन गेलो. काठी तिच्या हातात. "घरात मला भीती वाटते," म्हणाली. मलाही वाटत होती, तिथे, त्या बुडबुड्यांसमोर. एकदा मागितलेलं त्याने दिलं नव्हतं. तरी म्हटलं, "बा म्हाराजा, हिका एकटी पडाक देऊ नको रे..." आणि सवयीने थांबलो. नुसतं बुडबुड बुडबुड...

मग शेजारी काठी आपटली. "फ्हय म्हाराजा."

नक्कल करायला एकदम झकास उच्चार. केली नाही.