कोळशाच्या गावात विस्तव मागताना

ये, अशी जवळ ये. दारातच काय उभी राहतेस पाहुण्यासारखी? फोनवर रोज "काकू, येते, येते" आणि तोंड दाखवतेस वर्षाने! ठेव ती पिशवी खाली. आमच्या एस्थर वन्संनी तुला ती गोष्ट सांगितलीच असेल, आणि मीठमसाला लावूनच सांगितली असेल. (माझ्या कालवणात मात्र त्यांना मीठ कमी लागतं!) तेव्हा खरं काय घडलं ते माझ्या तोंडून ऐक.

वणीत कोळशाची खाण आहे, कोळशाचे ट्रक आहेत, वाळत घातलेल्या चादरींवरसुद्धा कोळसा आहे. आणि तरी एका शुक्रवारी माझ्या घरात विस्तव नव्हता.

तुला आमचे रीतिरिवाज अर्धेच ठाऊक, म्हणून आधी ते सांगते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे कोकणातले. हे खाणीच्या वर्कशॉपात लागले म्हणून इकडे आलो आणि इकडचेच झालो. त्या वर्षी आमचा नव्याचा सण, म्हणजे आमचं नवीन वर्ष, गुरुवारी-शुक्रवारी आला आणि त्याला चिकटून शनिवारचा शब्बाथ, आमचा विसाव्याचा वार. सलग तीन दिवस! सणाच्या दोन दिवसांत रांधता येतं, पण काडी ओढायची नाही. आधीपासून पेटता असेल त्या विस्तवावरूनच विस्तव घ्यायचा. आणि शुक्रवारी दिवस मावळला की रांधणंही बंद. त्याआधी जे आचेवर ठेवलं ते गरम, बाकी सगळं गार. मग काय करायचं? बुधवारीच गॅस बारीक पेटवायचा, त्यावर पत्रा टाकायचा आणि शनिवार सरेपर्यंत तो तसाच जळू द्यायचा. शनिवारचं रांधण शुक्रवारी करायला मुभा मिळावी म्हणून बुधवारीच एक पोळी आणि एक उकडलेलं अंडं बाजूला काढून ठेवायचं. सगळं शिस्तीत!

आता एस्थर वन्सं. ह्यांची थोरली बहीण, राहायला ठाण्याला. चाळीस वर्षं त्या मला एकच ऐकवत आल्यात, "वहिनी, त्या रानात तुम्ही सण कसले पाळता? सणाला ठाण्याला या!" त्या वर्षी माझी जीभ घसरली. म्हटलं, "वन्सं, तुम्हीच वणीला या. तिन्ही दिवस तुमच्या पानात गरम जेवण नाही वाढलं तर पुढच्या वर्षी मी ठाण्याला येऊन तुमची भांडी घासेन!"

आणि त्या आल्या ना! ठाण्याहून आमच्या विधीने कापलेलं मटण बर्फात घालून घेऊन आल्या.

बुधवारी दुपारी मी गॅसचं सिलिंडर ओल्या फडक्याने पुसलं. जिथवर ओल टिकते तिथवर गॅस. ओल निम्म्यापर्यंत टिकली. हे म्हणाले, "अगं, भरलेलं लाव. तीन दिवसांचा प्रश्न आहे."

"अन् ह्यात उरलेला गॅस काय टाकून देऊ?" मी म्हटलं. संपल्याशिवाय सिलिंडर बदलणारी बाई मी नव्हेच! मी तर शेवटी शेवटी ते आडवं करून हलवते.

गुरुवार थाटात गेला. वन्सं गरम गरम जेवल्या आणि त्यांचं तोंड पडलं. शुक्रवारी सकाळी मी त्यांचंच मटण नारळाच्या रसात शिजवलं, ते चहाच्या पाण्याच्या पातेल्याशेजारी पत्र्यावर ठेवलं आणि अंमळ आडवी झाले. तीनच्या सुमाराला उठून बघते तर पत्रा गार! वाकून बघितलं. ज्योत नाही. सिलिंडर संपलं होतं!

"काय झालं वहिनी?" वन्संच्या आवाजात काळजी होती की आनंद, देव जाणे.

"काही नाही!" मी म्हटलं, आणि खरंच काही नव्हतं. आमच्याकडे अशा वेळेसाठी तेलाचा दिवा असतो, काचेच्या पेल्यातला. तो बुधवारपासून जळत होता. ह्यांनी भरलेलं सिलिंडर जोडलं. मी दिवा उचलून आणला, पातेली ओट्यावर उतरवून पत्रा बाजूला करता यावा म्हणून क्षणभर टेबलावर टेकवला. तेव्हा लाइट गेलेली होती. पंखा बुधवारपासून चालूच ठेवलेला (सणात बटणाला हात लावायचा नाही ना!), पण लाइट नसल्यामुळे गप्प.

तुला सांगते, वणीची लाइट एरवी चार-चार तास येत नाही. त्या दिवशी आली! नेमकी तेव्हाच! पंखा असा काही गरागरा सुटला की टेबलावरची चादर उडाली आणि दिवा फू!

मग वन्सं म्हणाल्या, "आमच्याकडे ठाण्याला घासणी तारेची आहे. तुम्हाला चालेल ना?"

मी दिवा उचलला आणि थेट रस्त्यापलीकडे मंदाताईंच्या दारात. नवरात्र बसलेलं, त्यांच्याकडे घट आणि नऊ दिवसांचा अखंड दिवा! मी म्हटलं, "मंदाताई, तुमच्या दिव्यावरून माझा दिवा लावू द्या हो."

"घ्या ना वहिनी. पण कायले पाह्यजे?"

"मटण गरम करायचंय."

मंदाताईंनी दोन्ही कानांना हात लावले. "अवो माय! देवीचा दिवा अन् मटनाखाली? मले पाप लागन ना वो! थांबा, मीच येतो अन् तुमचा गॅस पेटवून देतो."

"नको नको, आमच्यासाठी पेटवलेला चालत नाही."

"मंग काय माह्या सासूसाठी पेटवू?"

मी विझलेला दिवा पुढे धरला. मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. मग खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मले चहाची लई तलफ आली! मी माह्या चहासाठी, माह्या घरात, माहा गॅस लावून राह्यली. बाकी मले काई मालूम नाही."

मी त्या गॅसवरून वात लावून घेतली आणि निघाले. रस्त्यात पाय ठेवला नाही तोच समोरून कोळशाचा ट्रक धडधडत गेला. दिवा फू!

परत आत. परत बाहेर. दुसरा ट्रक! "वहिनी, लवकर करा ना," मंदाताई आतून ओरडल्या, "चहाचा काढा होऊन राह्यला!"

उन्हं उतरायला लागली होती. तिसऱ्या खेपेला मी ह्यांना आणि वन्संना बोलावून घेतलं आणि दिवा स्टीलच्या बादलीत ठेवला. ह्यांनी वर छत्री धरली, आभाळात एक ढग नसताना! आणि वन्सं, माझ्या भांड्यांवर टपलेल्या वन्सं, त्यांनी सणाच्या रेशमी साडीचा पदर पसरून वारा अडवला. म्हणाल्या, "मटण माझं आहे!"

नवरात्राचे दिवस, बादलीत ज्योत, वर छत्र, पाठीमागे पदर! कोपऱ्यावरच्या मंडपातून कोणीतरी ओरडलं, "अरे सरका, माहूरची ज्योत येऊन राह्यली!" इकडे नवरात्रात माहूरगडाहून ज्योत आणतात ना, लोकांना वाटलं तीच! ढोल सुरू झाला. ट्रक थांबले. एक ड्रायव्हर चपला काढून खाली उतरला आणि बादलीला हात जोडून उभा राहिला!

"अहो, हे तसं नाही..." मी सांगायला लागले.

मंदाताईंनी मागून मला ढोसलं. "बोलू नका! ट्रक थांबले ना? मंग चाला!"

"उदो उदो!" लोक गर्जत होते. मी मनातल्या मनात देवाची माफी मागत होते, सगळ्याच देवांची. पण ज्योत विझली नाही! गॅस पेटला, पत्रा चढला, ओट्यावरचं पातेलं मी स्वतःच्या हातांनी वर ठेवलं, आणि मग दिवस मावळला. मी पदराने घाम पुसला आणि वन्संकडे असं पाहिलं, असं पाहिलं म्हणून सांगू!

प्रार्थना झाली, द्राक्षाच्या रसाचा पेला फिरला. सगळे पानावर बसले. मी मानाने पातेलं मधोमध आणून ठेवलं. "वन्सं, झाकण तुम्हीच काढा."

वाफेचा लोट उठला. वन्संनी आत डाव घातला, वर काढला. परत घातला, परत काढला. मग वाकून पाहिलं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "पाणी फक्कड उकळलंय."

दोन्ही पातेली सारखी, दोन्ही झाकणं सारखी! गडबडीत मी चहाच्या पाण्याचं पातेलं आचेवर ठेवलं होतं. मटण ओट्यावर गार पडून होतं, आणि आता ते गरम करायला बंदी. आम्ही ते तसंच जेवलो. चरबी टाळूला अशी चिकटली की दोन दिवस वन्संचं बोलणंसुद्धा मऊ झालं होतं!

पुढच्या वर्षी सणाला मी ठाण्याला जाऊन भांडी घासली. सगळी. वन्सं मुद्दाम माळ्यावरचीसुद्धा काढून देत होत्या. त्यात एक पातेलं फार आवडलं, ते मी मागून घेतलं. ह्या घरात आता तिसरंही तसलंच आहे. तेव्हा ह्या सणाला तू लवकर ये गं, आदल्या दिवशीच ये. जेवायला म्हणून नाही. कोणत्या पातेल्यात काय आहे, ते बघायला एक तरणं माणूस लागतं!