मुलीने वेगळा रिटर्न भरला तेव्हा

श्रूजबरीत मार्च उजाडला तरी अंगणात बर्फ होतं. शनिवारी नवऱ्याने आमचा टॅक्स रिटर्न ऑनलाइन भरला आणि रविवारी सकाळी तो रिजेक्ट होऊन परत आला. आम्ही डिपेंडंट म्हणून दाखवलेल्या व्यक्तीने स्वतःचा रिटर्न आधीच भरला आहे, आणि आपण कुणावरही अवलंबून नाही असं त्यात सांगितलं आहे, असं कारण होतं.

ती व्यक्ती म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, डॉर्ममध्ये राहायची, लायब्ररीत थोडं काम करायची.

"चुकून झालं असेल," मी म्हटलं.

नवरा स्क्रीनकडे बघत राहिला. "तिच्या हातून असलं चुकून होत नाही."

ऑगस्टपासून दोघांचं बोलणं जवळजवळ बंद होतं. तिने कॉम्प्युटर सायन्स सोडून इतिहास घेतला, त्यावरून स्वयंपाकघरात कडाक्याचं भांडण झालं. "मग तुझं तू बघ," असं तो म्हणून गेला होता. फी मात्र भरतच होता. थँक्सगिव्हिंगला ती आलीच नाही. ख्रिसमसला आली, पण बहुतेक वेळ आपल्या खोलीत.

मी फोन लावला. "स्पीकरवर आहेस हं, बाबा इथेच आहे," आधीच सांगून टाकलं.

"ओके," ती म्हणाली. आवाज लगेच सावध झाला.

त्याने झालेलं सांगितलं. मग विचारलं, "दुसरं कुणी तुला डिपेंडंट दाखवू शकतं का, असा प्रश्न असतो त्यात. तू काय लिहिलंस?"

"नो लिहिलं."

"का?"

"You told me. तुझं तू बघ."

त्याची मान लाल झाली. आता हा ओरडणार आणि ती फोन ठेवणार, मग उन्हाळ्यातही घरी येणार नाही, अशी मला भीती वाटली. मी त्याचा दंड धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही.

"रागात बोललो होतो मी," तो शेवटी म्हणाला.

"I know. पण नंतर कधी तसं म्हणाला नाहीस."

फोनवर तिकडे कुणीतरी दार उघडून लावल्याचा आवाज आला.

"आज म्हणतोय," तो म्हणाला.

"स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत येते. तेव्हा रिटर्न दुरुस्त करते," एवढंच ती बोलली आणि फोन ठेवला.

ती आली, बसने. इतिहास काही सोडला नव्हता, आणि त्यानेही विषय काढला नाही. जेवणाच्या टेबलावर ती दुरुस्तीचा फॉर्म भरायला बसली. शेजारी बसलेला तो न राहवून वाकून बघायला लागला, तशी तिने कागदावर हात आडवा ठेवला.

"बाबा, मी करते."

तो उठला आणि तिघांचा चहा टाकायला गेला.