हिराबाई आणि जुने बंपर

आमच्या शेडमध्ये दोन गोष्टी रोज साचतात, भंगारातल्या गाड्यांचे बंपर आणि किस्से. बंपर दळून त्यांचे दाणे होतात, किश्शांचं काय करायचं? म्हणून आज थोडे तुमच्या ओटीत घालते.

ह्यांनी नोकरी सोडून अंबडला ही शेड टाकली, तेव्हा मी सप्तशृंगीला नवस बोलले होते, "आई, पहिला माल पास होईपर्यंत घरात नवं प्लास्टिक आणणार नाही." दुधाला किटली, भाजीला कापडी पिशवी. हे वैतागले. "अगं, आपला धंदाच प्लास्टिकचा!"

"जुन्याचा! नव्याचा नाही!"

*

पहिल्या दिवशी दुपारचे बारा वाजले तरी ग्राइंडर बंद. जाऊन बघते तर हिराबाई एका बंपरपुढे हात जोडून उभ्या. ह्या मूळच्या सायखेड्याच्या, आमच्याकडच्या आठ बायकांच्या म्होरक्या. बंपरवर गणपतीचा स्टिकर!

"ताई, देवाला मिक्सरात घालायचं व्हय? मी नाय घालायची!"

मग मी कोमट पाणी आणि खोबरेल घेऊन बसले. एकेक देव क्षमा मागून अलगद सोडवला. ह्यांनी फळ्यावर कामाचा क्रम लिहिला होता: निवडणं, धुणं, दळणं. हिराबाईंनी खडू घेतला आणि निवडण्याच्याही आधी 'विसर्जन' घालून टाकलं!

आमचे दाणे घेणार होती त्या कंपनीच्या सोनल मॅडम पाहणीला आल्या, त्यांनी नेमका तो फळा वाचला. हे घामाघूम. मॅडम म्हणाल्या, "स्टिकर वेगळे काढता? छान! बाकीचे तसेच दळतात, मग मालात कचरा येतो."

हिराबाई माझ्या कानाशी, "बघा, देव कसा पावला!"

*

एका गाडीत प्लास्टिक तरी किती जातींचं असतं! बंपरचं निराळं, दिव्याच्या काचेचं निराळं. मिसळलं की माल वाया. हे समजावून थकले. हिराबाईंनी हौदात एक बंपरचा, एक दिव्याचा असे दोन तुकडे टाकून बघितले आणि निकाल दिला, "तरंगला तो घरचा, बुडाला तो पावणा!"

*

ह्यांचे एक मित्र शेड बघून म्हणाले, "एवढा खटाटोप कशाला? जाळून मोकळे व्हा की!"

"जाळू की साहेब," हिराबाई म्हणाल्या. "फक्त धूर तुमच्या गॅलरीत सोडू!"

*

पहिला माल तयार झाला. मी भक्तिभावानं पोत्याचं तोंड उघडलं, आत हळदकुंकू वाहिलं, वर चिमूटभर अक्षता. चार दिवसांनी कंपनीचा रिपोर्ट आला: नापास. मालात पिवळे-लाल ठिपके, शिवाय तांदळासारखे कण!

ह्यांनी रिपोर्ट वाचला, माझ्याकडे बघितलं आणि कागद माझ्या हातात ठेवला. दुसरी खेप नापास झाली तर शेड बंद, आणि आठही जणी पुन्हा मजुरीच्या नाक्यावर. मला रडूच फुटलं.

हिराबाईंनी पाठीवरून हात फिरवला. "ताई, या खेपेला लांबूनच पाया पडा!"

लांबूनच पडले. माल पास झाला!

*

सोनल मॅडमनी फोटो पाठवला. आमच्या दाण्यांचं एका नव्या गाडीच्या चाकावर आतून बसणारं, चिखल अडवणारं काळं कव्हर झालं होतं. तेव्हापासून हिराबाईंना एकच ध्यास, ते डोळ्यांनी बघायचं.

एका मंगळवारी आम्ही दोघी गणपतीच्या देवळात गेलो, तर दारात फोटोतल्यासारखीच गाडी! नवीकोरी, हार घातलेली, चाकांखाली लिंबं. मालक कडक इस्त्रीत, गुरुजींची वाट बघत उभे. हिराबाई सरळ गुडघ्यांवर बसल्या आणि डोकं चाकामागे!

"ओ मावशी! लिंबांना हात लावू नका!"

"लिंबं तुमालाच ऱ्हाऊ द्या, दादा. आमचं लेकरू नांदतंय हितं. भेटाया आलेय!"

मालक माझ्याकडे बघायला लागले. पदर खोचला आणि मीही वाकले.

हिराबाई त्या काळ्या कव्हरवर हलकेच थोपटत होत्या. डोकं बाहेर न काढताच त्यांनी हाक मारली, "उभे काय ऱ्हायले, दादा? या, तुमी बी वाका!"