वहीतला प्रोग्रॅम

काल दवाखान्याच्या दारात सॅनिटायझर हातावर घेतलं आणि त्या वासासरशी एकवीस सालचा जानेवारी आठवला. शाळा बंद होत्या. परदेशात, ॲडम्सटाउन गावातल्या भाड्याच्या घरात, तसल्याच बाटलीशेजारी लॅपटॉप मांडून, मी तेरा वर्षांच्या मुलांची कॉम्प्युटरची चाचणी घेत होतो. प्रत्येकाने आपला प्रोग्रॅम स्क्रीनवर चालवून दाखवायचा होता.

नीव्हचा नंबर आला. तिच्या घरात एकच फोन, तोही आईचा, आणि त्यावर प्रोग्रॅम चालेना. म्हणून तिने वही कॅमेऱ्यासमोर धरली. पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी, खोडून खोडून विरलेला कागद. मी सावकाश वाचत गेलो. एकही चूक नव्हती.

"सर, बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर."

ती हसली.

मी मुख्याध्यापिकांना फोन केला. "मलाही वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या, "पण तिने चालवून दाखवला नाही, तर दाखवला असं कसं लिहिणार?" मग तिचा प्रोग्रॅम मी स्वतः टाइप केला. पहिल्या खेपेलाच चालला. तरीही तिच्या नावापुढे 'जमले नाही' या रकान्यात खूण केली. एका चाचणीने काय होतंय, असं तेव्हा वाटलं.

शाळा उघडल्यावर मुलांनी पुढचे विषय निवडले. नीव्हने कॉम्प्युटर घेतला नव्हता. मी कारण विचारलं.

"मला ते जमत नाही, सर," ती शांतपणे म्हणाली. "रिपोर्टमध्ये तसंच आलं होतं."

तो रिपोर्ट मीच लिहिला होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.