माहेरचा जंत

काय काम करता असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, संडास तपासते. नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. घरी मात्र जेवताना माझ्या कामाचा विषय काढायचा नाही, असा नियम आहे; तो नवऱ्यानं केला आणि मुलांनी आनंदानं पाळला. मायक्रोस्कोपला डोळा लावला की शेजाऱ्याच्या खिडकीतून आत डोकावल्यासारखी उत्सुकता मला अजूनही वाटते, आणि तिची मला मुळीच लाज वाटत नाही.

लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मी टापटिपीची. सकाळी स्टूलच्या डब्या आल्या की मी त्या आधी फ्रिजमध्ये ठेवायची, मग रक्त, मग लघवी, आणि सगळं आटोपलं की शेवटी त्या बाहेर काढायची. नागपूरच्या मे महिन्यात दुसरं काही करणं मला वेडेपणाच वाटायचं. इतरांच्या टेबलाशी वास यायचा, माझ्या नाही, याचा मला चांगलाच तोरा होता.

त्या उन्हाळ्यात एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथून, एका बाईंचे नमुने सारखे येत होते. बाई चाळिशीच्या, सक्करदऱ्याच्या एका नर्सरीत रोपांच्या पिशव्यांत माती भरायच्या. नवरा याच आजारानं गेला होता. त्यांनी स्वतः गोळी कधी चुकवली नव्हती, तपासणीत विषाणूही दबलेला दिसत होता. तरी पोट कायम बिघडलेलं आणि वजन उतरत चाललेलं. डॉक्टर म्हणत, कारण दुसरंच आहे, शोधा. मी तीनदा शोधलं आणि तीनदा लिहून दिलं, जंत नाहीत.

तिसरा रिपोर्ट त्यांनी घडी करून पदराच्या टोकात बांधला. "डॉक्टर काही म्हनो मॅडम, गोळ्या आता काम करून नाही राहिल्या. मले समजते. पोरीचं लगन जमवून टाकलं मी. माया डोळ्यादेखत होऊन जाऊ दे."

मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. मी विचारलं, "आणि तिचं शिक्षण?"

"शिकनं सुटन. पन मी गेल्यावर तिले कोन पाहीन?"

पदरात बांधलेल्या त्या कागदावर सही माझीच होती.

डॉक्टरांनी हट्टानं चौथा नमुना मागवला, आणि नेमका त्याच सकाळी आमचा फ्रिज बंद पडला. मेकॅनिक दुपारी येतो म्हणाला. कूलर कोमट हवा फेकत होता. वास सुटायच्या आत मोकळं व्हावं म्हणून मी कुरकुरत आधी स्टूलच घेतले. काचेवर सलाईनचा थेंब, त्यात काडीच्या टोकाएवढा नमुना, वर पातळ काच. पाहते तो काय, कडेला काहीतरी हललं.

जंताचं पिल्लू होतं. आरपार दिसणारं, अंगाला झोके देत पळणारं, घशाशी काहीतरी धडधडणारं. मी खुर्ची ओढून बसले आणि बाकीचं काम विसरले. स्ट्राँगिलॉइडिस. शिकत असताना एकदाच पाहिला होता. याची अंडी सहसा दिसत नाहीत, पिल्लंच बाहेर पडतात, तीही मोजकी, आणि हलली तरच नजरेत भरतात. थंडीत ती निपचित पडतात. म्हणजे मी तीनदा त्यांना गारठवून मगच शोधायला बसले होते.

खात्री करायला उरलेला नमुना मी जिवाणू वाढवायची जेली भरलेल्या ताटलीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी ताटलीभर ठिपक्यांच्या नागमोडी रांगा उमटल्या होत्या. पिल्लं जेलीवरून सरपटत गेली, अंगाला चिकटलेले जिवाणू वाटेत सांडत गेली आणि ते तिथंच वाढले. कितीतरी वेळ मी ती ताटली उजेडात धरून बघत राहिले. असली गोष्ट घरी जेवताना सांगता येत नाही, याचं त्या दिवशी खरंच वाईट वाटलं.

बाई आल्या तेव्हा मी त्यांना शेजारी बसवून सगळं सांगितलं. हा जंत मातीतून अनवाणी पायात शिरतो, रक्तातून फुप्फुसात जातो, घशातून गिळला जातो आणि आतड्यात घर करतो. जंताच्या नेहमीच्या गोळीला तो फारशी दाद देत नाही. शिवाय आतल्या आत वंश वाढवत वर्षानुवर्षं राहू शकतो.

"पन नर्सरीत त मालक गमबूट घातल्याशिवाय कामाले लावत नाही," त्या म्हणाल्या.

"माहेर कुठलं तुमचं?"

"उमरेड. बाबा खड्ड्यातल्या हातमागावर बसे, आमी तिथंच ओल्या मातीत खेळो. अन् संडासले मांगच्या वावरात. चप्पल कुठची तवा?"

तेव्हाचाच असेल हे छातीठोक सांगता येत नाही, पण असू शकतो, असं मी म्हणाले. त्यांनी बोटांवर वर्षं मोजली आणि त्या हसल्या. "म्हंजे एक बिमारी सासरची, अन् एक माहेरची."

मीही हसले. मग फ्रिजचं सांगून टाकलं. "आधीचे तिन्ही रिपोर्ट चुकले असतील, ताई. चूक माझी." त्यांनी चिडावं असं मला मनापासून वाटत होतं. त्या चिडल्या नाहीत. याला औषध आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. आहे, म्हटलं, आणि तुमच्या एआरटीच्या गोळ्याही काम करतच होत्या.

औषध झालं. तीन आठवड्यांनी त्या पुन्हा तपासणीला आल्या. गाल थोडे भरले होते. माझ्या टेबलाशी उभ्या राहूनच त्यांनी मुलाकडच्यांना फोन लावला. पत्रिका छापू नका, म्हणाल्या, पोरगी आधी शिकेल, थांबायचं नसेल तर तुम्ही मोकळे. पलीकडून कुणीतरी तावातावानं कारण विचारत होतं.

"काहून म्हंजे?" त्या म्हणाल्या. "मी जगून राहिली नं, म्हनून."