महादेवीनं डोळ्यानं पाहिलेलं इंद्रजाल

दवाखान्यातून लेकीचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. "अप्पा, आई गेली, लिंगैक्य झाली," एवढंच ती बोलली. शटर अर्ध्यावर सोडून मी पायरीवर बसलो... याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, बाई साधी होती. साधी कसली! माझी बायको महादेवी लई हट्टी होती. मी सातवी नापास माणूस, गोड लिहिता येत नाही. पण तिचा हट्ट सांगणार.

शुक्रवार पेठेत आमचं पूजेच्या सामानाचं दुकान. विभूती, कापूर, धूप, आणि इंद्रजाल. म्हणजे काळ्या बारीक फांद्यांचं, जाळीसारखं वाळलेलं झाड. काचेच्या चौकटीत लाल कापडावर बसवून लोक ते दारावर लावतात, नजर लागू नये म्हणून. आमच्या देव्हाऱ्याशेजारीही होतं. दर अमावास्येला महादेवी त्याला धूप दाखवायची. मग एकदा वनखात्याची माणसं पेठेत आली आणि समज देऊन गेली, की हे झाड नाही, समुद्रातलं जनावर आहे, ते विकायला आणि बाळगायला कायद्यानं बंदी आहे.

मी म्हणालो, "उद्या तुळशीलाबी जनावर म्हणतील." पण महादेवीचं तोंड उतरलं. आमचं लिंगायताचं घर, अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. "अय्यो, देवाशेजारी हाडं टांगून मी सैपाक करत हुते व्हय?" त्या दिवशी ती जेवली नाही. मात्र कुणाच्या सांगण्यावरून मानणारी ती नव्हती. "जिवंत कुटं असतं ते? तितं न्या मला. डोळ्यानं बगीन, मग ठरवीन."

"अगं, कधी विहिरीत तरी उतरलीस का?"

"न्हाई. म्हणून तर तुमी संगं चला की."

गेलो मालवणला. पाण्याखाली नेणारा गडी चाळिशीचा, आधी हसलाच. मग तिला रबरी पोशाख चढवला आणि म्हणाला, "आजी, गळ्यातला ता काडून ठेवा." गळ्यात इष्टलिंग होतं. महादेवी कडाडली, "मेल्यावरबी काडत न्हाईत आमच्यात! आत राहू द्या." शेवटी लिंगाची पिशवी पोशाखाच्या आत छातीशी घट्ट बसवली आणि बाई त्याचा हात धरून पाण्यात गेली. मी होडीत बसून बुडबुडे बघत राहिलो. बुडबुडे थांबले तर काय करायचं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं...

वर आली ती खोकत, थुंकत, आणि ओरडतच. "काळं न्हाई ओ! कुंकवावानी लाल! खडकाला धरून हुभं हाय, वाहत्या पाण्याला आडवं, सूप धरल्यावानी. अंगभर बारीक पांढरी फुलं. ह्या गड्यानं हाताचं बोट जवळ नेलं, तर समदी आत वडून घेतली. जीव हाय त्यात, जीव!"

त्या गड्यानं मग समजावलं. ती फुलं म्हणजे त्या जनावराची तोंडं. वाहत्या पाण्यातून येईल ते बारीक खाणं धरून ते जगतं. वरचं लाल अंग गेलं की आतला काळा सांगाडा उरतो, तोच आपल्या भिंतीवर येतो. ही जात तर त्यानंही मोजक्याच खडकांवर पाहिली होती, फार कुणाला ती ठाऊकही नव्हती. महादेवीनं सगळं ऐकलं आणि होडीतच डबा उघडून दोन भाकऱ्या खाल्ल्या.

परत आल्यावर घरातलं आणि दुकानातलं सगळं इंद्रजाल तिनं वनखात्याच्या कचेरीत नेऊन दिलं. मग पेठेत दुकानोदुकानी फिरली. समोरचा सराफ म्हणाला, "अक्का, आता मासळीचं दुकान काढताय जणू?"

"मासळी तुमच्याच दारावर लटकतीय की, अण्णा. काडा, न्हाईतर मीच शिडी आणते."

लोक हसले, सराफही हसला, आणि चौकट खाली आली. दिवाळीच्या आत आमच्या गल्लीत एक इंद्रजाल उरलं नाही. बाई महिनाभर अशी चालत होती, जणू निवडणूक जिंकलीय.

परवा एक फिरता व्यापारी आला. इकडं तिकडं बघून त्यानं पिशवीचं तोंड उघडलं, आत काळ्या फांद्या. "अप्पा, अक्का गेल्या, वाईट झालं. पण आता घ्या की. झाडच हाय हे. कोण म्हणतं जनावर?"

"आमच्या घरची म्हणती," मी सांगितलं. "समुद्रात उतरून बघून आलीया ती. तू आलायस?"

त्यानं पिशवी बांधली.