हवालदाराला उतरवलं नाही

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे सावरून घ्यायला जागा उरणार नाही. पारध्यांच्या वस्तीवरची अडलेली बाळंतीण आणायला निघालो, तेव्हा जीपमध्ये मी एक पोलीस बसवून घेतला. तिच्या सासूनं विरोध केला, एकदा नाही, दोनदा. मी ऐकलं नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. इंदापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी आरोग्यसेवक होतो. विहिरींत पावडर टाकायची, तापाच्या माणसाचं बोट टोचून रक्ताचा नमुना घ्यायचा, गोळ्या वाटायच्या, लसीच्या दिवशी पोरं गोळा करायची, असं काम. केंद्राला एक जीप होती. तिच्या मागचा एक बाक काढून तिथं स्ट्रेचर बसवलं होतं. तीच आमची रुग्णवाहिका.

कालव्यापलीकडच्या गायरानात फासेपारध्यांची आठ-दहा पालं होती. दर पंधरवड्याला तिथं जाणं माझ्या फेरीत होतं. मी जात नव्हतो. वहीत त्या रकान्यात ‘पालं स्थलांतरित’ असं लिहीत होतो. पालं कुठंही गेलेली नसायची. रस्त्यावरून त्यांच्या चुलींचा धूर दिसायचा. मी बारामतीकडच्या बागायतदाराच्या घरातला. गावात कुणाच्या कोंबड्या गेल्या तरी आमच्याकडे पहिलं नाव पारध्यांचं निघायचं, आणि हट्ट करणाऱ्या पोराला ‘पारध्याला देऊन टाकीन’ म्हणून गप्प करायचे. मीही तसाच गप्प झालेला होतो. नोकरी लागल्यानं ती भीती गेली नव्हती.

दिवस थंडीचे होते. त्या दिवशी दुपारी एक म्हातारी केंद्रावर आली. पायात काही नव्हतं. पायरी न चढता ती अंगणातच उभी राहिली. डॉक्टर तालुक्याला बैठकीला गेले होते, सिस्टर दुसऱ्या गावाला. केंद्रावर मी आणि ड्रायव्हर, दोघंच. ड्रायव्हर माझ्याहून मोठे, मी त्यांना आबा म्हणायचो.

“सून आडलीया, दादा,” म्हातारी म्हणाली. “काल सकाळधरनं कळा हायती. आता डोळं उघडंना झालीया.”

आबा म्हणाले, “तुमी तर झाडाखाली बाळंत व्हता म्हनं. आज सरकारची गाडी लागली व्हय?”

“लागली म्हनून तर आले. न्हायतर तुजं त्वांड बघाया कोन येतंय?”

आबा हसले आणि चावी आणायला आत गेले. मी सलाईनची एक बाटली, कापूस आणि हातमोजे घेतले. रक्त थांबवायचं इंजेक्शन सिस्टरच्या कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली सिस्टरकडं.

फाट्यावर चहाच्या टपरीशी आबांनी पाणी प्यायला गाडी थांबवली. कुठं निघालो ते कळल्यावर टपरीवाला म्हणाला, “तितं मोकळं जाऊ नका, सायेब. मागं वायरमनला दगडं घातली त्यांनी.” तिथंच एक हवालदार चहा पीत होते. “चला, मी येतो,” ते म्हणाले. “मला बी तिकडं चक्कर मारायचीच हाय.” मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मी त्यांना पुढं बसवलं आणि मागं म्हातारीशेजारी जाऊन बसलो.

तिनं माझी बाही ओढली. “ह्यो कशाला?”

“असू द्या, मावशी. सोबत आहे.”

थोडं पुढं गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, “दादा, ह्याला हितंच उतरव. ह्यो दिसला की मानसं थांबायची न्हाईत. सुनंला उचलून पळत्याल.”

हवालदार मागं न बघताच म्हणाले, “असं काय खाल्लंय म्हनून पळताय गं?”

आबा हसले. मीही हसलो. ते माझं हसणं मी अजून विसरलेलो नाही.

कालव्याचा पूल ओलांडला आणि उसातून तितर ओरडला, लागोपाठ तीनदा. “हवालदारसाहेब, आज रस्सा करा,” आबा म्हणाले. म्हातारीनं कपाळ गुडघ्यांवर टेकलं. ती माणसानं घातलेली हाळी होती, हे तिला कळलं होतं. आम्हाला वस्तीवर पोचल्यावर कळलं.

वस्ती रिकामी होती. चुलीवर कालवण रटरटत होतं. एका पालात गोधडी पसरलेली, मधोमध भिजलेली. हवालदार काठीनं पालांचे पडदे उचलून आत डोकावू लागले. म्हातारी उसाच्या कडेनं धावत आपल्या भाषेत हाका मारत राहिली. उसातून काहीच उत्तर येईना. मीही ओरडलो, “दवाखान्यातून आलोय, घाबरू नका.” पण मला तिथं कोण ओळखत होतं? पंधरा दिवसांनी एकदा जरी गेलो असतो, तरी कुणीतरी माझा आवाज ओळखला असता.

तास गेला. म्हातारी परत आली. “ह्यो हितं हाय तंवर कोन येनार?” ती मला म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

मी हवालदारांना जा म्हणालो. “आधी बोलवायचं आन् मग हाकलायचं,” असं म्हणत ते जीपमध्ये बसले. आबा त्यांना पुलापलीकडं सोडून परत आले. म्हातारीनं आबांकडं बोट केलं. “त्याचा सदरा बी काढाय सांग.” सरकारी ड्रायव्हरचा सदरा खाकीच असतो. तो माझ्या डोळ्यांना इतका सवयीचा झाला होता, की ध्यानातच आलं नव्हतं. एरवी प्रत्येक गोष्टीवर बोलणाऱ्या आबांनी मुकाट्यानं गुंड्या सोडल्या आणि त्या थंडीत ते बनियनवर उभे राहिले.

मग तिचा मुलगा उसातून बाहेर आला. त्याच्या हातात पटक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

मुलगी होती. मी तिला उलटी धरली, पाठ चोळली, तोंडानं फुंकर घातली. एका प्रशिक्षणात हे बाहुलीवर करून दाखवलं होतं. किती वेळ करायचं ते आठवेना, म्हणून करतच राहिलो. शेवटी बापानंच तिला माझ्या हातातून काढून घेतलं.

आई उसात आत, पाचटावर पडली होती. खालचं पाचट लाल झालं होतं. सिस्टरना करताना पाहिलं होतं तसं मी तिचं पोट मुठीनं चोळू लागलो. ते बरोबर की चूक, मला माहीत नव्हतं, आणि विचारायला कुणी नव्हतं. आम्ही चौघांनी स्ट्रेचर बाहेर काढलं. उसाची पानं गालांना कापत होती. जीपमध्ये शीर सापडेना. तिसऱ्या खेपेला सुई गेली. सलाईनची बाटली हातात उंच धरून मी तिच्या पायाशी बसलो, आणि त्यापलीकडं मला काहीच करता येत नव्हतं. आबांनी बारामतीच्या सरकारी दवाखान्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

वाटेत तिनं डोळे उघडले. पोर कुठं, असं विचारील म्हणून मी मनात उत्तर जुळवत होतो. तिनं विचारलं, “पोलीस ग्येला का?”

“गेला,” मी म्हणालो.

बाई वाचली. तिला आत घेताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “इतका उशीर का झाला?” मी म्हणालो, “लपून बसले होते.” दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या वहीत लिहिलं : ‘नातेवाइकांनी सहकार्य केले नाही. रुग्णास उसात लपवून ठेवले.’ हवालदाराचा उल्लेख केला नाही. डॉक्टरांनी सही केली. कुणी मला काही विचारलं नाही. कुणीतरी विचारावं, असं मात्र फार दिवस वाटत राहिलं. पुढं मी आपली फेरी बदलून घेतली आणि कालव्यापलीकडं जाणं टाळलं.

तीन-चार वर्षांनी पोलिओच्या डोसाला माणसं कमी पडली आणि ती वस्ती माझ्या वाट्याला आली. लसीची पेटी सायकलला बांधून गेलो. अंगात पांढरा सदरा घातला होता, आठवणीनं. पालं तिथंच होती. पोरं लांब उभी राहिली, जवळ कुणी येईना. मग एका पालातून तीच म्हातारी बाहेर आली. तिनं बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं नातवंड होतं. ती सरळ माझ्यापाशी आली आणि त्याचे गाल दाबून म्हणाली, “उघड त्वांड. ह्यो पोलीस न्हाय.”

मी दोन थेंब टाकले. एक थेंब पोराच्या हनुवटीवर पडला, म्हणून आणखी एक टाकला. बाकीची पोरं एकेक करून आली. पालाच्या दाराशी सून उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. सगळे डोस संपले, पेटी बंद केली, तरी मला सायकलवर बसवेना. मी म्हातारीपुढं खाली मातीत बसलो आणि सुनेलाही ऐकू जाईल इतक्या आवाजात बोललो.

“मावशी, तुम्ही मला दोनदा सांगितलं होतं. मी तुमच्या माणसांना भ्यालो, म्हणून ऐकलं नाही. तुमची माणसं पळाली यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी मात्र वहीत सगळं त्यांच्यावर ढकललं. ते खोटं होतं. तुमची नात माझ्यामुळं गेली. मला माफ करा.”